समुद्र बघायला गेलो आणि समुद्रच जागेवर नव्हता

सासूबाई इकडे येऊन तीन आठवडे झाले होते, लंडन आय, बिग बेन वगैरे सगळं उरकलं होतं आणि त्यांचं एकच टुमणं चालू होतं, "बेटावर राहता ना रे तुम्ही, मग समुद्र दाखव की एकदा." मग शनिवारी सकाळी फेंचर्च स्ट्रीटहून ट्रेन धरली आणि साधारण तासाभरात साऊथेंड सेंट्रलला उतरलो. हाय स्ट्रीट संपतो तिथे एकदम उतार लागतो आणि खाली समुद्र दिसतो, असं मी ट्रेनमध्ये आईंना दोनदा तरी रंगवून सांगितलं होतं.

खाली चिखल. नजर जाईल तिथपर्यंत करडा, चकचकीत चिखल, त्यात होड्या कुशीवर पडलेल्या आणि मधूनमधून सीगल काहीतरी टोचत फिरतायत. आई कठड्याला धरून बराच वेळ बघत राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "समुद्र कुठाय गं?"

चूक माझीच. पावसाचा अंदाज तीनदा बघितला, छत्र्या घेतल्या, धपाटे बांधले, सनस्क्रीनसुद्धा घेतलं, फक्त भरती-ओहोटीची वेळ बघायची राहिली. आणि साऊथेंडला ओहोटी म्हणजे पाणी जरा मागे जातं असं नाही, ते मैलभर आत निघून जातं, किनारा इतका सपाट आहे तिथला. आम्ही ऐन ओहोटीला पोचलो होतो.

पण त्या चिखलामुळेच तिथला पिअर, म्हणजे पाण्यात आतपर्यंत गेलेला लांबच लांब धक्का, आहे हे मला त्या दिवशी कळलं. पूर्वी लंडनहून सुट्टीला येणारी माणसं बोटीने यायची आणि ओहोटी असली की बोट किनाऱ्याला लागायचीच नाही, म्हणून मग 1830 मध्ये लाकडी पिअर बांधला, तो पाण्याच्या मागे मागे वाढवत नेला, आत्ताचा लोखंडी 1889 चा. दोन किलोमीटरपेक्षा जास्त लांब, जगातला सगळ्यात लांब प्लेझर पिअर. इतका लांब की वरून चक्क छोटी ट्रेन धावते. आम्ही ट्रेनने जायचं म्हणत होतो पण आई म्हणाल्या चालत जाऊ, येताना बसू गाडीत.

आणि बरं झालं चाललो ते. फळ्यांच्या फटींमधून खाली बघत चालायचं, आधी नुसता चिखल, त्यावर पक्ष्यांच्या पायांचे ठसे, मग डबकी, मग डबकी एकमेकांना जोडलेली, मग मधेच कधीतरी खालून छप छप आवाज यायला लागतो. चिरंजीव पूर्णवेळ खाली मान घालून चालत होते आणि "आलं, आलं!" ओरडले तेव्हा मागचे एक आजोबा पण वाकून बघायला लागले. वारा मात्र जुलैमध्येसुद्धा कान कापत होता. 1986 मध्ये एक जहाज ह्या पिअरला आरपार चिरून गेलं होतं असं नवऱ्याने सांगितल्यावर मुलाचा प्रश्न, "एवढा मोठा पिअर त्यांना दिसला नाही?" ह्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

टोकाला पोचल्यावर खरंखुरं पाणी, चहूबाजूंनी. आई खूश. पण समोर पलीकडे जमीन दिसत होती. "तो फ्रान्स का?" तर म्हटलं नाही, ते केंट, इंग्लंडच. इथे नवऱ्याने गप्प बसायचं होतं. पण नाही, "खरं तर आई, हे थेम्सचं मुख आहे," असं म्हणून मोकळा झाला.

"म्हणजे नदीवर आणलंस होय रे मला?"

पिअरवरून परतताना गाडीत कोणी फारसं बोललं नाही.

जेवणाला आम्ही तिघांनी फिश अँड चिप्स घेतले, आईंसाठी नुसत्या चिप्स, त्याही मासे तळत नाहीत त्या तेलातल्या आहेत ना हे काउंटरवर दोनदा विचारून. मशी पीज, म्हणजे शिजवून घोटलेले वाटाणे, बघून म्हणाल्या, फोडणी द्यायची राहिली वाटतं. खरं सांगायचं तर व्हिनेगर आणि मीठ मारलेल्या गरम चिप्सपुढे आमचे धपाटे तसेच परत आले. एक चिप सीगलने माझ्या हातातून उचलली, असो.

मग आर्केड. तिथे ते दोन पेन्सचं मशीन असतं बघा, नाण्यांचा ढीग अगदी कडेला लटकलेला, फळी पुढेमागे सरकत असते आणि आपण टाकलेलं नाणं आता सगळं पाडणार असं दर वेळी वाटतं. "जुगारच की हा," म्हणत आई उभ्या राहिल्या आणि तीन पाउंडांची चिल्लर संपेपर्यंत हलल्या नाहीत. मिळालं काय, तर एक प्लास्टिकचं कीचेन. ते अजून त्यांच्या पर्सला आहे.

साडेतीनच्या सुमारास बाहेर आलो तर होड्या सरळ उभ्या! पाणी आलं होतं. लाटा अशा नाहीतच तिथे, आवाज न करता पाणी नुसतं सरकत येतं, मुलाने किल्ल्याभोवती खंदक खणला होता तो बघता बघता भरला. आईंनी सलवार वर धरून चपला माझ्या हातात दिल्या आणि घोट्यापर्यंत आत गेल्या, "अगं बाई, बर्फ आहे नुसता," म्हणत. मग वाकून बोट बुडवलं आणि मी "अहो आई, नका" म्हणेपर्यंत जिभेला लावलंसुद्धा.

वळून नवऱ्याला म्हणाल्या, "खारट आहे. समुद्रच आहे हा."