जखम भरते आणि भरून थांबते

मे महिन्यात अंबाझरीच्या बागेत माझ्या भाचीचा गुडघा चांगलाच खरचटला. पंधरवड्यात खपली गळाली, खाली कोवळी गुलाबी कातडी दिसू लागली आणि तिने विचारले, "मामाजी, कातडी भरत आली तर भरतच का नाही गेली? इथे टेंगूळ का नाही झालं?" अकरावीच्या वर्गात मी वर्षानुवर्षे जखम कशी भरते हे शिकवत आलो आहे, पण ती थांबते कशी, हे मला कोणत्याही विद्यार्थ्याने विचारले नव्हते आणि मीही ते कधी सांगितले नव्हते.

आपल्या त्वचेचा बाहेरचा थर मुख्यतः केराटिनोसाइट नावाच्या पेशींचा असतो. तळाच्या ओळीतील पेशी विभाजित होतात, वर सरकताना विभाजन सोडून देतात, केराटिन या चिवट प्रथिनाने भरतात आणि साधारण महिना-दीड महिन्यात कोंड्यासारख्या गळून पडतात. वाढीचा हुकूम बाहेरून येतो. तो आणणाऱ्या रेणूंपैकी एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर हा सर्वांत परिचित. तो टोचलेल्या नवजात उंदरांच्या पापण्या वेळेआधीच उघडतात, हे स्टॅन्ले कोहेन यांच्या नजरेस आले आणि त्या शोधासाठी त्यांना 1986 चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा रेणू पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला, म्हणजे संदेश झेलणाऱ्या प्रथिनाला, चिकटला की आत रास, राफ, मेक आणि अर्क (ERK) या प्रथिनांची साखळी जागी होते आणि पेशी विभाजनाच्या तयारीला लागते.

या साखळीला आवर घालणारी प्रथिने पेशी-पेशींच्या जोडांमध्येच बसलेली असतात. मी त्यांना आजवर विटांमधल्या सिमेंटची उपमा देत आलो. ती आता मला दिशाभूल करणारी वाटते, कारण सिमेंट विटेला काही सांगत नाही. डेस्मोग्लाइन-1 हे प्रथिन पाहा. तळाच्या ओळीत ते तुरळक असते आणि पेशी वर सरकते तसे वाढत जाते. पेशीच्या आत असलेले त्याचे टोक अर्बिन नावाच्या प्रथिनाला हाताशी धरते आणि रास व राफ यांच्यामधला दुवा तोडते. त्यामुळे अर्कची हालचाल मंदावते आणि पेशी विभाजन सोडून परिपक्व होऊ लागते. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी 2009 मध्ये दाखवले, की शेजारच्या पेशीला चिकटण्यासाठी लागणारा बाहेरचा भाग काढून टाकला तरी डेस्मोग्लाइन-1 हे काम करू शकते. म्हणजे चिकटवणे आणि आवरणे ही त्याची दोन वेगळी कामे आहेत. मला हा या विषयातील सर्वांत सुंदर शोध वाटतो.

या प्रथिनाच्या जनुकाची एकच प्रत बिघडली तरी काहींच्या तळहातांवर जाड कातडीचे पट्टे उमटतात आणि तळपाय जाड होतात. खुरपे धरून शेतमजुरांच्या हाताला पडणारे घट्टे निराळे. ते घर्षणाचे फळ आहे, जनुकाचे नव्हे.

जखमेशी अधिक थेट संबंध अल्फा-कॅटेनिन या प्रथिनाचा आहे. पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या कॅडहेरिन या प्रथिनाच्या जोडाला ते आतल्या बाजूने आधार देते. उंदरांच्या त्वचेतून ते काढून टाकल्यावर पेशी बेसुमार वाढू लागल्या, इतक्या की ती त्वचा कर्करोगाच्या प्रारंभीच्या अवस्थेसारखी दिसू लागली. हे 2001 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे एक कारण दहा वर्षांनी उलगडले. यॅप नावाचे एक प्रथिन केंद्रकात शिरले की वाढीची जनुके चालू करते, आणि पेशी दाटीने एकमेकींना जोडलेल्या असतात तेव्हा अल्फा-कॅटेनिन त्याला केंद्रकाबाहेर रोखून धरण्यास मदत करते. गुडघा खरचटतो तेव्हा काठावरच्या पेशींचे शेजार तुटतात, यॅप आत शिरते आणि पेशी वाढत, सरकत उघडी जागा झाकतात. दोन्ही काठ भेटले, जोड पुन्हा बसले, की यॅप बाहेर राहते.

भाचीला मी एवढेच सांगितले, की समोरची पेशी हाताला लागली की ती थांबते. त्यावर तिचा पुढचा प्रश्न होता, "पण समोर कातडीच आहे, दुसरं काही नाही, हे तिला कसं समजतं?" त्याचेही उत्तर आहे. कॅडहेरिन सहसा आपल्याच जातीच्या कॅडहेरिनला घट्ट धरते, आणि तेही आजूबाजूला पुरेसे कॅल्शियम असेल तरच; त्याच्या नावातले पहिले अक्षरही कॅल्शियमचेच आहे. हे ऐकून तिने दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफली, थोडी ओढून पाहिली आणि मग गुडघ्यावरची नवी कातडी बोटाने हळूच दाबली.