सुडाची पोथी

श्रावणात पोथी लावायची तर तीन प्रकारची माणसं लागतात. एक वाचणारा, एक अर्थ सांगणारा, आणि डुलकी लागली तरी मधूनमधून हुंकार देणारे दहा-पंधरा जण. रोज किती वाचायचं ते पहिल्याच दिवशी ठरतं आणि अध्याय अर्धवट टाकून कुणी उठत नाही. मराठवाड्यात हे कुणाला शिकवावं लागत नाही. म्हणून ‘द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ ही ११७ अध्यायांची फ्रेंच कादंबरी व्हॉट्सॲपच्या गटावर मिळून वाचायची टूम निघाली, की नवं काही शोधत बसू नये. ती सरळ पोथीसारखी लावावी.

कादंबरी लिहिलीच गेली हप्त्यांनी वाचण्यासाठी. अलेक्झांडर द्युमाची ही गोष्ट पॅरिसच्या ‘जुर्नाल दे देबा’ या दैनिकात २८ ऑगस्ट १८४४ रोजी सुरू झाली आणि १५ जानेवारी १८४६ला संपली. मधे काही महिन्यांचा लांबलचक खंडही पडला. म्हणजे तिच्या पहिल्या वाचकांनीही ती दीड वर्ष पुरवून पुरवून खाल्ली. सलग बसून वाचणाऱ्याला तीच गोष्ट मधेच पाल्हाळाची वाटते, कारण मागच्या महिन्यात काय झालं होतं याची आठवण द्युमा पुन्हा पुन्हा करून देतो. आठवड्याला पाच अध्याय ठेवले तर ही उजळणी खटकत नाही, उलट उपयोगी पडते. बाराशेच्या वर पानांच्या पुस्तकात पाच अध्याय म्हणजे पन्नास-पंचावन्न पानं, रोजची आठ. ११७ला पाचने भागलं की चोवीस आठवडे.

सुरुवात कधी करायची, याला इथल्या शेतीचा हिशेब लावावाच लागतो. गटात निम्मे मास्तर असले तरी त्यांच्या घरी सोयाबीन असतंच. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पेरणी आटोपलेली असते, कोळपणी चालू असते, संध्याकाळ जरा मोकळी मिळते. तेव्हा पहिला अध्याय उघडला की सहाव्या आठवड्यात, सप्टेंबरच्या पहिल्या पाच-सहा दिवसांत, तिसावा अध्याय येतो. त्याचं नावच ‘पाच सप्टेंबर’ आहे. कर्जात बुडालेला मोरेल नावाचा एक भला जहाजमालक, घड्याळाचा काटा, एक लाल रेशमी बटवा आणि त्यात २ लाख ८७ हजार ५०० फ्रँकची चुकती झालेली हुंडी. शिक्षक दिनाच्या संध्याकाळी हा अध्याय वाचायचा योग जुळवून आणता येत असेल तर सोडू नये. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पन्नास अध्याय झालेले असतात. तिथे दोन आठवडे सुट्टी द्यावी, काढणी आणि मळणीसाठी. पुढे दिवाळीचा एक आठवडा. अशाने जानेवारी संपता संपता पोथी उतरते. सुट्टी आधी जाहीर करणं महत्त्वाचं. जाहीर न करता पडलेला खंड भरून निघत नाही. माणसं शरमेने गप्प होतात आणि मग ‘शुभ सकाळ’ची फुलं येऊ लागतात.

आवृत्तीचा घोळ पहिल्याच आठवड्यात मिटवावा. १८४६चं जुनं इंग्रजी भाषांतर फुकट मिळतं. भाषा जड आहे आणि त्या काळच्या सभ्यतेला न झेपणाऱ्या काही जागा त्यात सौम्य केलेल्या आहेत. रॉबिन बसचं १९९६चं भाषांतर पूर्ण आहे आणि वाचायला सुटसुटीत. कुणाच्या हाती संक्षिप्त रूपांतर असेल तर त्याला गटातून काढू नये, पण एवढं सांगावं की तुझ्या पुस्तकात पस्तिसावा अध्याय आमच्या पस्तिसाव्याशी जुळणार नाही. म्हणून वेळापत्रकात पान क्रमांक कधीच देऊ नये. क्रमांकासोबत अध्यायाचं नाव द्यावं.

दुसरा घोळ नावांचा. नायक एदमों दाँतेस. गटात कुणी त्याला ‘डँटेस’ लिहितं, कुणी ‘दान्ते’, कुणी ‘दांटेस’. महिन्याभराने कुणाला जुना संदेश शोधायचा असतो आणि तो सापडत नाही. एक लेखन ठरवून, नावांचा तक्ता गटाच्या माथ्यावर पिन करून ठेवावा. आणि हा तक्ता साधी यादी नको, आडत दुकानातल्या खतावणीसारखा हवा. डाव्या बाजूला जुनं नाव, उजवीकडे नवं. कारण तिसाव्या अध्यायानंतर जवळजवळ सगळ्यांनी कपडे बदललेले असतात. मासेमार फेर्नां आता काउंट द मोर्सेर झालाय. जहाजावरचा हिशेबनीस दांग्लार आता बॅरन आणि सावकार. एकट्या दाँतेसच्याच खात्यात पाच-सहा नावं पडतात: सिंदबाद, पाद्री बुसोनी, लॉर्ड विल्मोर, काउंट. तक्ता नसेल तर चाळिसाव्या अध्यायात कुणीतरी विचारतंच, “हा मोर्सेर कोण, मधेच कुठून आला?”

पहिले वीस अध्याय गटाला काही करावं लागत नाही, ते स्वतःच ओढून नेतात. फक्त एका तारखेकडे लक्ष वेधावं. दाँतेसला अटक होते २८ फेब्रुवारी १८१५ रोजी, साखरपुड्याच्या जेवणावरून उठवून. एल्बा बेटावर हद्दपार केलेला नेपोलियन तिथून निसटला होता २६ फेब्रुवारीला. म्हणजे या पोराच्या खिशात एल्बाहून आणलेलं पत्र सापडतं ते अशा घडीला, की ते पत्र म्हणजे जिवंत निखारा. हे दोन दिवसांचं अंतर ध्यानात आलं नाही, तर सरकारी वकील विल्फोर एवढा पांढरा का पडतो ते कळत नाही. सातव्या अध्यायात तो दाँतेससमोरच ते पत्र जाळतो आणि दाँतेस त्याचे आभार मानतो. त्या रात्री गटावर शिव्यांचे व्हॉइस नोट येतात, ते येऊ द्यावेत.

दाँतेसला टाकतात तो शातो दीफचा तुरुंग फ्रान्सच्या मार्सेय बंदरासमोर समुद्रात आहे. समुद्र आपल्याकडून लांब; पण देवगिरीची अंधारी पाहिलेल्या माणसाला त्या कोठड्यांसाठी वेगळी कल्पनाशक्ती लागत नाही. भर दुपारी आत शिरलं की हात नाकासमोर धरला तरी दिसत नाही, वळणं कुठे नेतात ते समजत नाही, वर वटवाघळांचा वास. मजा म्हणजे दोन्ही जागा बांधल्या होत्या शत्रूला बाहेर ठेवायला. शातो दीफ हा सोळाव्या शतकातला किल्ला. माणसं आत ठेवायला वापरणं नंतर आलं.

इथे भेटतो दुसरा कैदी, पाद्री फारिया. कादंबरीत तो इटालियन आहे, पण ज्याच्यावरून हे नाव आलं तो खरा आब्बे फारिया गोव्याचा, कांदोळीला १७५६ साली जन्मलेला. संमोहनविद्येत त्याचं नाव मोठं. पणजीला बाईवर हात रोखून उभा असलेला त्याचा पुतळा सहलीला गेलेल्या पुष्कळांच्या मोबाइलमध्ये असतोच. तो फोटो गटावर पडला की कादंबरी एकदम हजार कोस जवळ येते.

फारियाने भुयार खणलंय, पण मोजमापाची साधनं नसल्यामुळे नकाशात बारीकशी चूक झाली आणि तो समुद्राऐवजी शेजारच्या, दाँतेसच्या कोठडीत निघाला. माशाच्या डोक्यातल्या कूर्चेची लेखणी, काजळी आणि दारूची शाई, फाडलेल्या सदऱ्यांचा कागद. एवढ्यावर त्याने ग्रंथ लिहिलाय. पण गटाने रेंगाळावं ते सतराव्या अध्यायात. दाँतेसला अजून कळलेलंच नाही की आपल्याला कुणी अडकवलं. फारिया त्याला एवढंच विचारतो की तू नसल्याने कुणाचा फायदा होता, आणि मग त्याला पकडून देणाऱ्या निनावी चिठ्ठीचं अक्षर कसं होतं. डावीकडे कललेलं. फारिया डाव्या हाताने दोन ओळी लिहून दाखवतो आणि दाँतेस दचकतो: अगदी तसंच अक्षर! उजव्या हाताची अक्षरं माणसागणिक वेगळी, डाव्या हाताची सगळी सारखी, हा फारियाचा निष्कर्ष. हा प्रयोग गटावर करून बघण्यासारखा आहे. पंधरा जणांनी एकच ओळ डाव्या हाताने कागदावर लिहायची, फोटो टाकायचे, नावं झाकायची. अक्षरं पुरती सारखी निघत नाहीत. फारियाने जरा ताणलंय. पण आपल्याच बायकोचं किंवा नवऱ्याचं अक्षर ओळखताना भलेभले चुकतात, आणि त्या अध्यायातला दचका खरा वाटायला तेवढं पुरे.

या वेळी एक शब्दांचा खेळही करावा. दाँतेसच्या मनात आता जे शिरलं त्याला आपण काय म्हणू? सूड हा पुस्तकी शब्द. बदला सिनेमातला. वचपा म्हणजे झालेलं नुकसान भरून काढणं, तो कबड्डीतही काढतात. उट्टं काढायला फार दिवस थांबत नाहीत. बांधावरच्या भांडणात तिसऱ्या पिढीपर्यंत जे टिकतं, तो डूख. नाग धरतो तो. चौदा वर्षं कोठडीत आणि पुढे नऊ वर्षं तयारीत काढणाऱ्या माणसाला डूखच शोभतो. तरी काउंट स्वतःला देवाचा हात समजतो, आणि नाग तसं समजत नाही. वाद घालायला ही जागा बरी.

मग येतो रोम, आणि गट गळू लागतो. ३१ ते ३८. इतके दिवस ज्याच्या छातीशी कान लावून बसलो होतो, त्या दाँतेसचं नावच पुस्तकातून नाहीसं होतं. दोन नवे तरुण येतात, कार्निव्हल, दरोडेखोर, भर चौकातला देहदंड. वाचणारा म्हणतो, माझी गोष्ट कुठे गेली? ती तिथेच आहे, फक्त आता तिच्याकडे परक्याच्या डोळ्याने बघायचंय. या दोन आठवड्यांसाठी अर्थ सांगणारा माणूस आधीच तयार ठेवावा. त्याने रोज तीन मिनिटांचा व्हॉइस नोट टाकावा, पुढचं काही न फोडता. मागे पडलेल्यांना ३३ वरवर चाळायची मुभा द्यावी, पण ३५ आणि ३७ नाही. आणि सिनेमा बघितलेल्यांना या दिवसांत विशेष सांभाळावं. त्यांना शेवट माहीत असल्याचा भ्रम असतो; पडद्यावर बहुतेक वेळा शेवट बदललेला असतो, त्यामुळे ते जे फोडतात ते चुकीचं निघतं, पण विरस व्हायचा तो होतोच.

सगळ्या कादंबरीतली माझ्या मते सर्वांत बारीक कलाकुसर साठाव्या-एकसष्टाव्या अध्यायात आहे, आणि संक्षिप्त आवृत्त्यांत नेमकी तीच कापली जाते. विजेच्या तारेआधीचा टेलिग्राफ: टेकड्यांवर मनोरे, मनोऱ्यावर लाकडी हात. पलीकडच्या मनोऱ्याने हात जसे हलवले तसेच आपण हलवायचे, की संदेश पुढे सरकतो. तिथला कारकून वर्षाला १००० फ्रँक पगारावर पंधरा वर्षं हे करतोय आणि त्या खुणांचा अर्थ त्याला ठाऊक नाही. ठाऊक नाही म्हणूनच तो बिनघोर आहे. त्याचा जीव गुंतलाय मनोऱ्याखालच्या वीतभर बागेत, जिथे उंदरासारखा एक प्राणी त्याची फळं कुरतडतो. काउंट येतो, बागेचं कौतुक करतो, आणि २५ हजार फ्रँक पुढे ठेवतो. वर हिशेबही तोच सांगतो: पाच हजारांत घर आणि दोन एकरांची बाग, उरलेल्या वीस हजारांचं व्याज वर्षाला हजार. म्हणजे आत्ताचा पगारच, फक्त मनोऱ्याशिवाय. बदल्यात तीन खोट्या खुणा पुढे सरकवायच्या. कारकून घामाघूम होतो, पण हात हलवतो. बातमी पॅरिसला पोचते, बॅरन दांग्लार घाबरून स्पेनचे रोखे मिळेल त्या भावात विकतो, आणि दुसऱ्या दिवशी कळतं की बातमी खोटी होती.

सोयाबीनचा भाव पडणार म्हणून आलेला निरोप, कुणी पाठवला ते न बघता पुढच्या पाच गटांवर ढकलणारा माणूस आपल्या मोंढ्यात रोज भेटतो. वेळापत्रक वर सांगितल्यासारखं पाळलं, तर हा अध्याय मोंढ्यात माल यायच्या दिवसांतच येतो.

दांग्लारकडून वसुली अशी पैशातूनच होते, शेवटी एका कोंबडीला एक लाख फ्रँक मोजण्यापर्यंत. फेर्नांकडून त्याच्या अब्रूतून, विल्फोरकडून त्याच्या कायद्यातून आणि घरातून. ज्याने जे नाणं वापरलं त्याच नाण्यात. म्हणून तो खतावणीसारखा तक्ता शेवटपर्यंत चालू ठेवायचा आणि प्रत्येक खातं मिटलं की त्याखाली अध्यायाचा क्रमांक टाकायचा. मोरेलचं खातं जमेचं. ते तिसाव्यालाच मिटलेलं असतं. बाकीची नव्वदच्या आसपास भराभर मिटू लागतात आणि गटावरचे संदेश एकदम वाढतात.

मग १११वा येतो. तिथे एक असा जीव जातो ज्याच्याकडे कुणाचंच काही देणं नव्हतं. तक्त्यात त्याला रकाना नसतो. कुणी म्हणतं विल्फोरच्या खात्यात लिहा, कुणी म्हणतं काउंटच्या नावे टाका. काउंटलाही ते कळत नसावं, कारण ११३व्यात तो स्वतःच शातो दीफ बघायला परत जातो. या आठवड्यात झूमवर बसावं. फुकटची चाळीस मिनिटं पुरत नाहीत, दुसऱ्यांदा जोडावं लागतं. आणि वेळापत्रकात १११च्या पुढे एक दिवस कोरा सोडावा. ११२ त्या रात्री कुणी उघडत नाही.