आमच्याकडे ईआरपी आलं त्याचा अनुभव

मॅनेजमेंटच्या 'डिजिटल ट्रान्सफॉर्मेशन' प्रेझेंटेशनमध्ये क्लाउड, एआय, डॅशबोर्ड, मोबाइल अ‍ॅप असं सगळं एकाच स्लाइडवर कोंबलेलं होतं. त्यातला ईआरपीचा, म्हणजे सगळ्या खात्यांचं काम एकाच सॉफ्टवेअरमध्ये आणण्याचा, प्रोजेक्ट माझ्या गळ्यात पडला, कारण मी प्लॅनिंगमध्ये होते आणि झाडून सगळ्या खात्यांशी माझी रोज वादावादी व्हायची. अनुभव म्हणून तो पुरेसा मानला गेला.

मधल्या आकाराच्या कंपनीची गोची वेगळीच असते. छोटा धंदा मालकाच्या डोक्यात मावतो. मोठ्या कंपनीत आयटीचं भलंमोठं खातं असतं. आमचं आयटी म्हणजे नेटवर्क आणि प्रिंटर सांभाळणारी दोन माणसं. हिशेबाचं सॉफ्टवेअर होतं, पण बाकीचा कारभार एक्सेलवर. विक्रीचा अंदाज एका शीटमध्ये, उत्पादन दुसऱ्या, स्टॉक तिसऱ्या, आणि तिन्हींचे आकडे कधीच जुळायचे नाहीत.

म्हणून स्लाइडवरचं बाकी सगळं बाजूला ठेवून एकच गोष्ट धरली: ऑर्डर आल्यापासून पैसे जमा होईपर्यंतचा प्रवास. एका ऑर्डरचे कागद हातात घेऊन प्रत्येक टेबलापाशी गेलो. तोच नगांचा आकडा सेल्सने ऑर्डर शीटमध्ये भरला होता, प्लॅनिंगने आपल्या शीटमध्ये, स्टोअरने रजिस्टरमध्ये, डिस्पॅचने चलनावर आणि अकाउंट्सने बिलात. डेमोला येणाऱ्या व्हेंडर्सना मग आम्ही आमच्याच सगळ्यात किचकट ऑर्डरी दिल्या. अर्धा माल गेलेली, मध्येच दर बदललेली, थोडा माल परत आलेली. त्यांच्या तयार डेटावर प्रत्येक सॉफ्टवेअर लोण्यासारखं चालतं. आमच्या ऑर्डरींवर दोघांची तिथंच फे फे उडाली आणि निवड सोपी झाली.

खरा घाम काढला तो आयटम मास्टरने, म्हणजे प्रत्येक वस्तूचं नाव, कोड आणि माप लिहिलेल्या मूळ यादीने. एकच बोल्ट 'बोल्ट १०x५०', 'एम१० हेक्स ५०' आणि पुरवठादाराच्या कॅटलॉगमधल्या नावाने, असा तीन कोडांखाली पडलेला. खरेदी किलोत, वापर नगात. एका किलोत नग किती, हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. ते फक्त आमच्या स्टोअरकीपरना ठाऊक. ते चाळीस नग तराजूवर टाकायचे आणि बाकीचा हिशेब मनातल्या मनात करायचे. त्यात एक्सेलने स्वतःची भर घातली. '००४५१' या कोडमधली पुढची शून्यं गायब, आणि '५-१०' हा कोड थेट तारीख होऊन बसलेला. (यात आम्ही एकटे नाही. एक्सेल मानवी जनुकांच्या चिन्हांच्याही तारखा करत असे. शेवटी शास्त्रज्ञांनी एक्सेलपुढे हात टेकले आणि २०२० पर्यंत काही जनुकांची चिन्हंच बदलली.)

हे साफ कोणी करायचं? कन्सल्टंट करू शकत नाही, त्याला बोल्ट ओळखू येत नाही. स्टोअरकीपर म्हणाले, "मॅडम, मी कोड साफ करू की माल देऊ? एक काय ते सांगा." रास्त प्रश्न होता. बजेटमध्ये लायसन्स होतं, सर्व्हर होता, ट्रेनिंग होतं. आमच्याच माणसांचा वेळ कुठंच धरलेला नव्हता. स्टोअरकीपरना प्रोजेक्टवर पूर्ण वेळ घ्यायचं आणि स्टोअरला बदली माणूस द्यायचा, यावर फायनान्स हेडशी माझी चांगलीच जुंपली. पण माणूस मिळाला. माझ्या मते पूर्ण प्रोजेक्टमधला हा सगळ्यात सत्कारणी लागलेला खर्च.

पुढची लढाई कस्टमायझेशनची, म्हणजे सॉफ्टवेअर आपल्या पद्धतीप्रमाणे बदलून घेण्याची. प्रत्येक खात्याचं एकच पालुपद: "आमचं काम वेगळं आहे." लिडल या जर्मन सुपरमार्केट साखळीने २०१८ मध्ये एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रणालीचा प्रकल्प सोडून दिला, बातम्यांनुसार तोवर सुमारे ५० कोटी युरो गेले होते. एसएपीच्या प्रणालीत स्टॉकचं मूल्य विक्री किमतीने धरलं जायचं, लिडलची पद्धत खरेदी किमतीची, आणि पद्धत बदलायला कंपनी तयार नव्हती. अपयशाचं एक मोठं कारण म्हणून याचीच चर्चा झाली. आम्ही नियम केला: बदल हवा असेल तर खातेप्रमुखाने सही करून सांगायचं की तो कायद्याने लागतो की ग्राहक मागतो. बऱ्याच मागण्या तिथंच गळाल्या. उरलेल्यांत महत्त्वाची एकच, हीट नंबरनुसार (धातूच्या एका ओतीला दिलेला क्रमांक) मालाचा माग ठेवण्याची. ती ग्राहकांची अट होती, त्यामुळे वाद नव्हता.

तारीख ठरवताना हर्शीचं उदाहरण मी मुद्दाम मांडलं. या चॉकलेट कंपनीने १९९९ च्या जुलैमध्ये नवी प्रणाली सुरू केली, हॅलोवीनची गर्दी तोंडावर असताना. गोदामात माल होता, तरी सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत गेल्या नाहीत. आम्ही मंदीचा महिना निवडला आणि त्याच्या आदल्या शनिवार-रविवारी पूर्ण स्टॉक मोजून ओपनिंग बॅलन्स भरला. पॅरलल रन, म्हणजे जुनी आणि नवी सिस्टिम एकत्र चालवणं, फक्त बिलिंगपुरता आणि थोडेच दिवस. दोन्हीकडे एंट्री करणारी माणसं थकतात आणि थकली की जुन्याच सिस्टिमला चिकटतात. म्हणून जुनी सिस्टिम नुसती बघण्यापुरती उघडी ठेवली.

पहिल्याच आठवड्यात गेटवर ट्रक अडकला. परचेसने फोनवर माल मागवला होता, पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) नव्हती, आणि पीओशिवाय जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) बनत नव्हतं. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, प्रॉडक्शन हेड माझ्या टेबलापाशी उभे, "आजच्या दिवस बायपास द्या." एकदा दिलेला बायपास कायमचा होतो, म्हणून दिला नाही. परचेसच्या मुलाने तिथंच बसून पीओ काढली, साहेबांनी मंजूर केली, अर्ध्या तासात ट्रक आत. त्यानंतर फोनवरची खरेदी झपाट्याने आटली.

एआयवाला विषय आता पुन्हा निघालाय, मागणीच्या अंदाजासाठी. त्याला नीट कोड असलेली निदान दोन-तीन वर्षांची विक्री लागेल, असं मी लिहून दिलंय. आणि नवा कोड आजही स्टोअरकीपरच्या मंजुरीशिवाय उघडत नाही. सेल्सवाले त्यावर कुरकुरतात, पण थांबतात.