युरोपाचं ग्रहण: दुसरा प्रयत्न

या वेळी जमलं. गेल्या खेपेला ज्याला युरोपा समजून बसलो होतो, तो आयो निघाला. म्हणून आज गुरूच्या चारही मोठ्या चंद्रांच्या जागा आधी कागदावर काढून घेतल्या. १३० मिमीची परावर्ती दुर्बीण, १५० पट वर्धन, हवा स्थिर. आयपीसला मी, स्टॉपवॉच नऊ वर्षांच्या भाचीकडे.

युरोपा गुरूच्या सावलीत शिरताना पटकन विझत नाही, मंद मंद होत जातो. "मामा, इतका वेळ का लावतोय तो?" मला हाच प्रश्न हवा होता. दुर्बिणीत ठिपका दिसला तरी तो गोळा आहे. एक कड सावलीत गेली तरी दुसरी अजून उन्हात असते. मी "थांब" म्हटलं तेव्हा ३ मिनिटं १० सेकंद झाले होते. युरोपा सेकंदाला सुमारे १३.७ किमी धावतो. गुणाकार तिनंच केला: २,६०३ किमी. खरा व्यास ३,१२० किमीच्या आसपास, म्हणजे आपल्या चंद्राहून थोडा कमी. नुसत्या डोळ्यानं आणि घड्याळानं इतकं जवळ पोचलो!

आकडा कमी का आला, तेही कळलं. मी थांबायला सांगितल्यावर तिनं आयपीसला डोळा लावला. "अजून आहे की!" मला काहीच दिसत नव्हतं.

मग युरोपाच्या बर्फाखालच्या पाण्याचा विषय निघाला. पृष्ठभागावर उणे १६० अंश, तर आत समुद्र कसा? तिला तार दिली: पुढे-मागे भराभर वाकव, आता वाकलेल्या जागी बोट लाव. कोमट! युरोपाचंही तसंच. त्याची एक फेरी साडेतीन दिवसांची, तेवढ्यात आयोच्या दोन होतात. झोक्याला दर वेळी नेमक्या क्षणी धक्का द्यावा तशी आयोची ओढ त्याला बसते, त्यामुळे युरोपाची कक्षा किंचित लंबगोलच राहते. गुरूजवळ आला की ताण वाढतो, लांब गेला की सैलावतो. या दाबण्या-सोडण्यातून ऊब येते. वर अंदाजे १५ ते २५ किमी बर्फ, खाली पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या दुप्पट खारं पाणी असावं. गॅलिलिओ यानाच्या चुंबकीय मोजमापांवरून हा अंदाज बळावला. ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेलं युरोपा क्लिपर यान एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोचायचं आहे.

पुढच्या ग्रहणाला घड्याळ माझ्याकडे, आयपीसला ती.