नव्वद मीटर

तालुका क्रीडा संकुलाचं काम शाखा अभियंता म्हणून माझ्याकडे होतं. कागदावर सगळं बसत होतं. मधोमध 400 मीटरचा, आठ लेनचा ट्रॅक. संध्याकाळचं ऊन पाठीवर यावं म्हणून गॅलरी पश्चिमेला, आणि पूर्वेला कडुनिंबांच्या ओळीखाली बाग. आखणीला टेप धरला, तर गॅलरीपासून निंबांपर्यंत भरले 90 मीटर. आठ लेनच्या ट्रॅकला आडवे साडेब्याण्णव लागतात. नकाशात झाडं नुसत्या ठिपक्यांनी दाखवलेली. बुंध्याचा घेर कुणी मोजलाच नव्हता. गॅलरीचा पाया तर भरून झालेला.

ठेकेदाराला उत्तर सोपं वाटलं. "साहेब, झाडं काढली की मोकळं." नगरपरिषदेच्या हद्दीत 1975चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे, परवानगीशिवाय फांदीलाही हात लावता येत नाही. शिवाय सकाळी फिरायला येणारी म्हातारी मंडळी घरी न जाता निंबाखालीच बसून राहिली होती. त्यांच्यासमोर तो विषय पुढे जाणं अवघडच होतं.

मग समितीतले एक भाऊ म्हणाले, "ट्रॅक तीनशेचा करा की. पळायचंच तर आहे!"

सकाळी या मैदानावर पळणारी निम्मीअधिक पोरं पोलीस भरतीची तयारी करतात. भरतीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. चारशेच्या ट्रॅकवर चार फेऱ्या नि दोन फेऱ्या, हिशेब चोख. तीनशेवर 800 म्हणजे दोन फेऱ्या आणि वर दोनशे मीटर. सरावाला आलेली एक मुलगी घाम पुसत तिथेच उभी होती. ती म्हणाली, "मग घड्याळ कुठं बंद करायचं, भाऊ?" भाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

जीपच्या बॉनेटवर कागद पसरून मी आकडे मांडले. एक लेन 1.22 मीटरची. बाहेरच्या दोन लेन कमी केल्या की वळणाची आतली त्रिज्या 36.50 तशीच राहते, फेरी चारशेचीच भरते आणि रुंदी येते 87.64. दोन्ही अंगांना एकेक मीटर मोकळं सोडूनही 90 मध्ये बसतं. आठ लेन नाहीत तर मोठ्या स्पर्धा मिळणार नाहीत, अशी कुरकुर झाली, आणि ती खरीच होती. पण आपल्याकडे भरतात त्या शालेय स्पर्धा. आठ पोरं आली तर दोन हीट, म्हणजे दोन गटांत शर्यती, घ्याव्या लागतील. रोज पहाटे पळणाऱ्यांची सोय मला जास्त मोलाची वाटली.

ठेकेदार मात्र गप्प झाला होता. दोन लेन म्हणजे सुमारे अकराशे चौरस मीटर. तेवढी काळ्या मातीची खुदाई, तेवढी मुरमाची भर आणि रोलिंग बिलातून जाणार होतं. फक्कीची पहिली रेघ पडेपर्यंत त्याने दोनदा विचारलं, एक्सेस-सेव्हिंगमध्ये, म्हणजे मंजूर कामातली वाढ-घट दाखवणाऱ्या पत्रकात, त्याऐवजी कडेचं गटार धरता येईल का. गटार हवंच होतं, काळ्या मातीत पाणी साचलं की भराव फुगतो. सुधारित नकाशासोबत तोही प्रस्ताव त्याच संध्याकाळी मंजुरीला पाठवला.