हागेंती: आधी शहाणपण, मग सोने

पाश्चात्त्य पिशाचविद्येत ७२ पिशाचांची एक प्रसिद्ध यादी आहे आणि तिच्यात ४८व्या स्थानी हागेंती येतो. ग्रिफिन या काल्पनिक प्राण्याचे पंख असलेल्या बैलाच्या रूपात तो प्रकट होतो आणि आवाहन करणाऱ्याने आज्ञा केली की मनुष्यरूप धारण करतो. त्याचा हुद्दा अध्यक्षाचा असून त्याच्या हाताखाली ३३ पलटणी आहेत. त्याच्याविषयीचा मूळ मजकूर जेमतेम काही ओळींचा आहे. परंतु त्याची कामे तेथे ज्या क्रमाने सांगितली आहेत, तो क्रम माझ्या मनातून जात नाही. तो माणसाला शहाणे करतो, मग सर्व धातूंचे सोने करतो आणि शेवटी मद्याचे पाणी व पाण्याचे मद्य करतो.

ही नोंद ज्या जुन्या छापील यादीत आढळते, ती १५७७ मध्ये योहान वायर या वैद्याने प्रसिद्ध केली. चेटकीण ठरवून बायकांना जिवंत जाळण्याच्या विरोधात त्या काळात उघडपणे लिहिणारा हा माणूस होता. या बायका सैतानाच्या साथीदार नसून आजारी आहेत, असे त्याने १५६३ मध्येच मांडले होते. पिशाचांची यादी त्याने छापली ती त्यांची उपासना व्हावी म्हणून नव्हे, तर हा सारा डोलारा किती पोकळ आहे हे लोकांना दिसावे म्हणून. हागेंतीविषयी वाचणाऱ्याने एवढे तरी ध्यानात ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

आज हागेंतीला ‘अंतर्बाह्य परिवर्तनाचा’ पिशाच म्हटले जाते. हा अर्थ मात्र बराच अलीकडचा आहे. १९०४ मध्ये ७२ पिशाचांच्या त्या यादीची इंग्रजी आवृत्ती काढताना अ‍ॅलिस्टर क्राउली या इंग्रज गूढविद्या-उपासकाने हे आत्मे म्हणजे मानवी मेंदूचेच अंश होत, असे लिहिले. पुढे कार्ल युंग या मानसशास्त्रज्ञाने किमयेच्या, म्हणजे हलक्या धातूंचे सोने करू पाहणाऱ्या विद्येच्या, प्रतीकांतून मनाच्या घडणीचा मागोवा घेतला. तेव्हापासून शिसे म्हणजे आपले अज्ञान आणि सोने म्हणजे जागे झालेले मन, अशी मांडणी रूढ झाली. ती मला चुकीची वाटत नाही, पण फार सोपी वाटते.

त्याचे कारण आम्हा नागपूरकरांच्या जवळच आहे. रामटेकला गेलेल्या माणसाला नागार्जुन टेकडी कोणीतरी दाखवतेच आणि तेथे प्राचीन आचार्य नागार्जुनाने रससिद्धी, म्हणजे पाऱ्यावरची सिद्धी, साधली, ही कथाही ऐकवते. सातव्या शतकात भारतात आलेल्या चिनी प्रवासी ह्युएनत्संगानेही, राजाचा खजिना आटला तेव्हा नागार्जुनाने औषधाच्या थेंबांनी मोठमोठ्या शिळांचे सोने केले, अशी दंतकथा नोंदवली आहे. आपल्या रसशास्त्राचा, म्हणजे भारतीय किमयेचा, सारा भर पाऱ्यावर आहे आणि योगायोग असा की हागेंतीसारख्या अध्यक्षांची मुद्राही, म्हणजे त्यांचे चिन्ह असलेला ठसाही, पाऱ्याचीच करावी, असा ७२ पिशाचांच्या त्या पाश्चात्त्य ग्रंथाचा नियम आहे. येथवर दोन्ही परंपरा हातात हात घालून चालतात. पुढे मात्र त्या वेगळ्या होतात. ‘यथा लोहे तथा देहे’ (जसे धातूवर, तसे देहावर) असे सांगणारा रसार्णव हा रसशास्त्राचा संस्कृत ग्रंथ पाऱ्याची परीक्षा आधी धातूवर घ्यावी आणि मगच तो देहासाठी वापरावा, असे बजावतो. हागेंतीच्या नोंदीत आधी माणूस बदलतो, धातू नंतर.

मला रसार्णवाची सावधगिरी अधिक मोलाची वाटते, कारण तिच्यात परीक्षा आहे. इतवारीच्या सराफ्यात जुना दागिना मोडायला नेला की सराफ तो काळ्या कसोटीवर घासतो आणि उमटलेल्या पिवळ्या रेघेवर तेजाबाचा थेंब सोडतो. रेघ पितळेची असेल तर ती पाहता पाहता विरघळून जाते. सोन्याची असेल तर थेंब पुसल्यावरही तशीच राहते. मनात परिवर्तन झाल्याचा दावा करणाऱ्यांनी असा थेंब कोठे सोडायचा, याविषयी आजचे लेखन जवळजवळ मौन पाळते. ध्यानाला बसावे, मुद्रेकडे एकटक पाहावे, मन बदलेल, एवढेच त्यात असते. संताप आवरला का, हाव कमी झाली का, घरातल्या माणसांना फरक जाणवला का, हे कोणी विचारत नाही.

तिसऱ्या कामाकडे तर फारसे कोणी वळत नाही. पाण्याचा द्राक्षारस झाल्याची कानागावची कथा बायबलमध्ये आहे. तेथे बदल एकाच दिशेने होतो. हागेंतीच्या नोंदीत तो दोन्ही दिशांनी होतो आणि मद्याचे पाणी करणे आधी येते. मद्याचे पाणी कोणाला हवे असेल, असा प्रश्न युरोपातल्या वाचकाला पडला असेल. विदर्भात तो पडत नाही. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे आणि गडचिरोलीत ती १९९३ पासून लागू झाली, त्यामागे लोकांचा, विशेषतः गावोगावच्या बायकांचा, रेटा होता. नवऱ्याची मजुरी गुत्त्यावर जाताना पाहणाऱ्या बाईला सोने करण्यापेक्षा मद्याचे पाणी करण्याचा हा गुण कितीतरी मोठा वाटेल. एकच शक्ती नशा उतरवूही शकते आणि चढवूही शकते. तेव्हा तिच्याकडे यांपैकी काय मागावे, हे मागणाऱ्याला आधी कळले पाहिजे. त्या त्रोटक नोंदीत शहाणपण सर्वांत आधी का आले असावे, याचे मला पटणारे कारण हेच आहे.