मणक्यातली बुरशी आणि एमआरआय : माझा अनुभव

सोलापुरात कंबरदुखीला कारणांची वानवा नाही. यंत्रमागावर उभं राहून पाळी काढायची, नाहीतर मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायचं. कंबर दुखणारच, असं सगळेच धरून चालतात. त्यामुळे मणक्याचं इन्फेक्शन आमच्या एमआरआय टेबलावर येतं तेव्हा दोन-तीन महिने बाम आणि गोळ्यांत गेलेले असतात. सोबत ‘नॉर्मल’ शेरा असलेला एक्स-रे. त्यावर विसंबू नये. हाडाचा साधारण तिसरा हिस्सा झिजेपर्यंत साध्या एक्स-रेत काही उमटत नाही.

मी तंत्रज्ञ, रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट लिहितात. चिठ्ठीवर बहुतेकदा ‘लंबर स्पाइन’ (कंबरेचे मणके) एवढंच असतं. शुगर, स्टेरॉइड, किडनी ट्रान्सप्लांट, बरेच दिवस ठेवलेली सलाइनची नळी, बारीक ताप हे मी विचारूनच घेतो. अ‍ॅस्परजिलस, कँडिडा यांसारखी बुरशी बहुधा अशाच शरीरात मणक्यापर्यंत पोचते.

क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आधी हवं. त्यावरून काढलेला ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा आकडा) ३० च्या खाली असेल तर गॅडोलिनियम, म्हणजे शिरेतून देतात ते कॉन्ट्रास्ट औषध, द्यायचं की नाही, हे डॉक्टर ठरवतात. डोस किलोमागे ०.१ मिलिमोल, म्हणजे नेहमीच्या ०.५ मोलर औषधाचे ६० किलोच्या माणसाला १२ मिली. मंगळसूत्र, जोडवी आठवणीने निघतात; पदराची सेफ्टी पिन राहते. खरी अडचण उताणं झोपण्याची. गुडघ्यांखाली उशी द्यायची आणि डॉक्टरांना विचारून वेदनाशामक तासभर आधी. पेशंट शेवटी हलला तर कॉन्ट्रास्टनंतरची, चरबीचा उजळपणा दाबून घेतलेली चित्रं बिघडतात, आणि नेमकी तीच लागतात.

आधी टी-१, टी-२, स्टर ही एमआरआयची वेगवेगळ्या प्रकारची चित्रं, दुखऱ्या जागेचे आडवे छेद, मग कॉन्ट्रास्ट. पाऊण तास धरा. संपूर्ण मणक्याचा एक उभा छेद मी सोडत नाही, कारण मधले मणके सोडून दुसरीकडेही आजार सापडतो.

पू करणाऱ्या जिवाणूंत दोन मणक्यांमधली गादी टी-२ वर पांढरी होते. टीबीत गादी बरेच दिवस वाचते, आजार मणक्यांना बांधणाऱ्या लिगामेंटखालून सरकतो, बाजूला पातळ भिंतीचं मोठं गळू दिसतं. बुरशीत गादी अपेक्षेइतकी पांढरी होत नाही, तिच्यातली मधली काळी रेघ टिकू शकते, आणि एंडप्लेटलगत (मणक्याची गादीला टेकणारी बाजू) टी-२ वर काळपट पट्टा दिसू शकतो. तो बुरशीतल्या लोह-मँगनीजमुळे, असं मानतात. पण या खुणा एकमेकींत मिसळतात. आजार कुठे आहे, किती पसरलाय, मज्जारज्जू दबलाय का, हे चित्र सांगतं. जंतूचं नाव नाही. आपल्याकडे टीबी इतका की ‘टीबी असावा’ हे शब्द चटकन लिहिले जातात आणि मग पेशंटला चिकटतात.

नाव कळतं ते सीटीखाली सुई घालून काढलेल्या तुकड्यातून. इथली नेहमीची चूक म्हणजे सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकणं. त्यात जंतू मरतात, मग कल्चर (जंतू वाढवून ओळखणं) संपलंच. एक भाग फॉर्मलिनमध्ये, बाकीचा निर्जंतुक सलाइनमध्ये. फॉर्मवर जिवाणू कल्चर, जीनएक्सपर्ट (टीबीची तपासणी) आणि बुरशीचं कल्चर हे तिन्ही वेगवेगळं लिहा. बुरशीची प्लेट चार आठवडे ठेवतात. लिहिलंच नसेल तर ती लावलीच जात नाही.

औषध सुरू झाल्यावर लगेच पुन्हा एमआरआय करायला येतात. पहिले काही आठवडे दुखणं, सीआरपी (रक्तातला सुजेचा आकडा) उतरत असतानाही चित्र तसंच, कधी वाईट दिसतं. दुसरा स्कॅन शक्यतो त्याच मशीनवर करा आणि येताना फिल्म नको, जुनी सीडी आणा.